नाववालीचा रिवाज

थान्हकाकांना सूर्य उगवायच्या आत यायला सांगितलं होतं, आणि ते आले सूर्य दोन बांबू वर चढल्यावर. तोवर लुआचं नावेत उभं राहून तीनदा पाणी उपसून झालं होतं आणि ती चौथ्यांदा उपसत होती. उपसायला पाणी नव्हतंच.

"काका, आज तरी घाई करायची होती. माझा पोरगा आत बसलाय, तुमचा नाही."

"अगं, शिक्का सापडत नव्हता," थान्हकाका म्हणाले. ते बाउ त्रामचे मुखिया. गाव दिवसा सरकारचं, अंधार पडला की तिकडच्या, म्हणजे सरकारशी लढणाऱ्या पोरांचं, आणि ह्या दोन्हींमध्ये मुखिया म्हणून जिवंत राहायचं, म्हणजे माणूस जरा हळूच चालणार. शिक्का दिवसा खिशात नि रात्री तांदळाच्या रांजणात. सकाळी कुठे ठेवलाय ते आठवायला वेळ लागायचा.

"मारलात ना?"

"मारला, मारला. हा बघ." त्यांनी कागद दाखवला. लुआला वाचता येत नव्हतं, पण लाल गोल बरोबर दिसला. तेवढ्यानेच तिचा जीव भांड्यात पडला.

तेवीस दिवस झाले होते खियेमला उचलून. गुन्हा काय, तर बदकं. दोनशे बदकं घेऊन पोरगा कापलेल्या शेतात उभा होता. वरून अमेरिकनांची हेलिकॉप्टरं आली, वाऱ्याने बदकं चहूकडे उधळली, आणि बदकं पळाली म्हणून खियेम पळाला. आता बदकवाला बदकांमागे पळणार नाही तर काय नमस्कार करत उभा राहणार? पण वरच्यांचा नियम साधा : जो पळाला तो तिकडचा. नशीब बलवत्तर म्हणून गोळी नाही घातली, खाली उतरून पकडला. लुआ त्या दिवसापासून दर दुसऱ्या दिवशी राच सेनच्या ठाण्यावर जायची. शेवटी तिथला अमेरिकन कॅप्टन वैतागला की त्याला कीव आली कोण जाणे, त्याने दुभाष्याकरवी सांगितलं, घरातल्या माणसांची नावं असलेला घराचा कागद आण, मुखियाला आण, ह्या घरात दुसरं कोणी तिकडे नाही असं त्याच्याकडून लिहून आण, आणि घेऊन जा तुझा बदकवाला.

आज तो दिवस. लुआने खियेमचे धुतलेले कपडे घेतले होते, केळीच्या पानात चिकट भात बांधला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, पण अंगात असा हुरूप की वल्ही आपणहून फिरतील.

ती नाव ढकलणार एवढ्यात बांधावरून हाक आली, "लुआताई, थांब गं बाई! मला टाकून चाललीस काय?"

बोंग. लिंबांच्या दोन टोपल्या कावडीला, तोंडात विडा, आणि तोंड चालू. हिच्या घराला लुआच्या घराचं कुंपण लागून. नवरा गेला, घरात दोन मुली, आणि मुलगा विन्ह सायगावला ट्रक चालवतो. म्हणजे बोंग तसं सांगायची. विन्हचा ट्रक कधी कोणी पाहिला नव्हता, आणि विचारलंही नव्हतं. बाउ त्राममध्ये एकमेकांच्या पोरांबद्दल फार चौकशी करायची रीत नव्हती.

"बस, बस. काका, सरका जरा. हिच्या लिंबांना जागा द्या."

"लिंबांना जागा देतो, हिच्या जिभेला कुठून देऊ?" काका म्हणाले.

"काका, तुमच्या दातांची जागा रिकामीच आहे की," बोंग म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली.

लुआ उभ्याने दोन वल्ही आडवी मारत होती. कालव्याचं पाणी भरतीचं, वर चढलेलं. तिची आई नाववाली, सासू नाववाली. पंचवीस वर्षं ती स्वतः. नवरा वारल्यावर ह्याच नावेने खियेमला वाढवलं. एकुलता एक. त्याच्याआधी एक झाला होता, बाओ, दोन वर्षांचा असताना तापाने गेला. मग खियेम, मग कोणी नाही.

"आज त्याला आणलंस की लग्न लावून टाक," बोंग म्हणाली. "माझ्या थोरलीकडे बघतो तो चोरून. मला काय कळत नाही होय?"

"तुझी थोरली माझ्या घरात आली तर तुझी जीभही आहेराला येईल. नको गं बाई."

"येईलच मुळी. दोन्ही वेळ जेवायला येईल."

लुआ हसली. तेवीस दिवसांत पहिल्यांदा.

वळण संपलं आणि राच सेनचा धक्का दिसायला लागला, तसं बोंगचं हसणं थांबलं. बाजाराकडे चढणाऱ्या पायऱ्यांवरून माणसं खाली माना घालून चालली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. असं चालणं म्हणजे काय, ते सगळ्या कालव्याला ठाऊक होतं.

"आज मांडलेत," बोंग हळूच म्हणाली.

मांडलेत, म्हणजे मुडदे. रात्री कुठे चकमक झाली की सकाळी तिकडच्या मेलेल्या पोरांना धक्क्यावर ओळीने टाकायचे आणि ठाण्याच्या माणसांनी बाजूला उभं राहून बघत राहायचं, कोण थबकतं, कोणाचे डोळे भरतात. ज्याचे भरले त्याचं घर सापडलं. दोन वर्षांपूर्वी एका बाईला नुसता ठसका लागला, तर तिला तीन दिवस आत ठेवलं होतं.

"लुआताई, ऐक," बोंगने तिचा दंड धरला. "आजच्या दिवशी हात-तोंड सांभाळ. इकडेतिकडे बघायचं नाही. सरळ वर चढायचं आणि पोराला घेऊन यायचं. समजलं ना?"

"समजलं गं. मी काय काल जन्मले?"

समजलं होतं तिला. सगळं नीट समजलं होतं. पण समजणं डोक्यात असतं आणि सवय हातात.

नाववाल्यांचा एक रिवाज आहे. पाण्यातून मुडदा निघाला, मग तो कोणाचा का असेना, बुडालेला असो नाहीतर बुडवलेला, त्याला ओलांडून नाववाल्याने जायचं नाही. त्याचं तोंड पुसायचं, झाकायचं, तीन उदबत्त्या लावायच्या आणि सांगायचं, बाबा, तू पार उतरलास, आता माझ्या नावेमागे येऊ नकोस. नाही केलं तर तो येतो. नावेमागे पोहत येतो आणि कोणातरी उतारूला, बहुधा लहान लेकराला, खाली ओढतो. लुआच्या सासूच्या नावेतून असंच एक पोर गेलं होतं, आणि सासू मरेपर्यंत म्हणायची की त्या सकाळी मी घाईत होते. लुआने पंचवीस वर्षांत अकरा मुडद्यांचं केलं होतं. सरकारचे दोन, तिकडचे पाच, बाकी देव जाणे कोणाचे. उदबत्त्यांचा पुडा नावेच्या फळीखाली कायमचा असायचा.

ठाणेवाल्यांनी त्या दिवशी तिघांना कालव्यातून गळ घालून काढलं होतं. ओलेच टाकले होते, पायऱ्यांना लागून, आणि त्यातल्या एकाचे पाय अजून पाण्यात होते. लुआने नाव बांधली ती बरोबर त्या पायांपाशी. दोर खांबाला गुंडाळला, वर बघितलं, खियेम कुठे दिसतो का म्हणून, आणि खाली तिच्या हातांनी आपलं काम सुरू केलं. फळी उचलली, पुडा काढला, काडी ओढली. ती वाकली आणि आपल्या गळ्यातल्या फडक्याच्या टोकाने त्या पोराच्या तोंडावरचा चिखल पुसला. डोक्यावरची पानांची टोपी काढून त्याच्या चेहऱ्यावर ठेवता ठेवता तिला हनुवटी दिसली.

हनुवटीवर आडवा व्रण होता. तो व्रण तिच्याच वल्ह्याचा. सात वर्षांचा विन्ह नावेत मस्ती करताना पडला होता, आणि लुआनेच तंबाखू दाबून रक्त थांबवलं होतं.

तिने मागे वळून बघितलं. बोंग दोन पायऱ्या वर पोचली होती. टोपल्या खाली ठेवून एका गिऱ्हाइकाशी भांडत होती. "अहो, ही लिंबं आहेत, वाटाणे नव्हेत! रसाने हात भरतो! दाबू नका, दाबू नका, घ्यायचं तर घ्या!" आवाज नेहमीपेक्षा मोठा, अगदी बाजारभर. विड्याचा लाल ओघळ हनुवटीवर आला होता आणि तो ती पुसत नव्हती.

तेव्हा लुआला कळलं की बोंगने बघितलंय. आणि पाठोपाठ हेही कळलं की धक्क्यावर एकच बाई टोपीशिवाय, हातात जळत्या उदबत्त्या घेऊन उभी आहे, आणि ती बाई आपण.

"ए बाई! जागची हलू नकोस!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ठाण्याच्या ओसरीत कॅप्टन बसला होता. सगळे त्याला बगळा म्हणायचे, पायांवरून. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. मारत नसे, ओरडत नसे. बायांना बसायला खुर्ची द्यायचा. लुआला खुर्चीत बसायची सवय नव्हती, ती उभी राहिली. शेजारी दुभाष्या त्रुक, सायगावचा, चष्मेवाला, सुकलेला माणूस. त्याला डेल्टाच्या चिखलाचा मनापासून तिटकारा होता आणि तो लपवायचाही नाही.

"साहेब विचारतात, मुडदा कोणाचा?"

"मला काय ठाऊक?"

"सकाळपासून दोनशे माणसं त्या पायऱ्या चढून गेली. एकही थांबलं नाही. तूच का थांबलीस?"

"मी नाववाली आहे, दादा. पाण्यातून माणूस निघाला की आम्हाला करावं लागतं. कोणाचाही असो. नाही केलं तर तो नावेमागे येतो, लेकरं ओढतो. माझी सासू करायची, तिची सासू करायची. ह्याच्याआधी मी अकरा जणांचं केलंय, त्यात तुमचे शिपाईसुद्धा होते, कोणालाही विचारा..."

ती बोलत राहिली. तिने एवढं सगळं सांगितलं आणि त्रुकने ते चार शब्दांत उरकलं. बगळ्याने तिच्याकडे बघितलं. मग तो काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतात, भुतांच्या गोष्टी नंतर. घराचा कागद दे."

कागद थान्हकाकांच्या हातात होता. त्रुकने तो घेतला, बोट फिरवत वाचला आणि बोट एका जागी थांबलं. मुलगे दोन. बाओ, वय आता बावीस असायला हवं. खियेम, एकोणीस.

"तू तर म्हणाली होतीस, एकच मुलगा."

"बाओ गेला, दादा! दोन वर्षांचा असताना गेला!"

"मग नाव का आहे?"

आता ह्याचं काय उत्तर द्यायचं? त्या वेळी कारकून म्हणाला होता, बाई, नाव काट मारून घे. लुआ म्हणाली होती, असू दे. स्वतःच्या हाताने पुरलं होतं त्याला. आता कागदावरूनही पुसायचं म्हणजे पुन्हा मारल्यासारखं. वीस वर्षं ते नाव त्या कागदावर राहिलं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

"थान्हकाका! सांगा ना तुम्ही! तुम्ही होतात त्याच्या मातीला!"

थान्हकाकांनी बगळ्याकडे बघितलं, त्रुककडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. त्यांना ठाऊक होतं, मुडदा कोणाचा ते. त्यांनीही व्रण बघितला होता. एक शब्द जास्त गेला तर पुढचा प्रश्न येईल, मुखिया, हा तुझ्याच गावचा मग तू आजवर सांगितलं का नाहीस? आणि एक शब्द चुकीचा गेला तर रात्री तिकडची पोरं येतील.

"फार जुनी गोष्ट," ते पुटपुटले. "मी... मला नीट आठवत नाही, साहेब. वय झालं."

"काका!" लुआ किंचाळली. "आठवत नाही? माझ्या बाओची पेटी तुम्ही उचलली होतीत, आणि तुम्हाला आठवत नाही? मेल्या म्हाताऱ्या!"

काकांनी मान वर केली नाही.

मग बगळ्याने खियेमला आणायला सांगितलं. त्याच्या बाजूने विचार केला तर त्याने बरोबरच केलं. पोराला मुडदा दाखवू, तोंडावरून कळेल. केस कापलेले, निम्मा झालेला खियेम दोन शिपायांमध्ये आला. आईला बघून त्याचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, सोडायलाच आणलंय.

"चल, आई," तो म्हणाला. "बदकं राहिली का काही?"

त्याला पायऱ्यांपाशी नेऊन त्यांनी टोपी उचलली. हा कोण? खियेमने बघितलं. लहानपणी एकाच ताटात जेवलेली ही दोघं, एकाच रेड्याच्या पाठीवर बसून फिरलेली. पोरगं अगदी शहाण्यासारखं बोललं, "माहीत नाही साहेब, नाही बघितलं कधी," पण बोलताना त्याचे डोळे भरले आणि गालावरून सरळ वाहायला लागले. हात बांधलेले, पुसता येईना.

बगळ्याने मान हलवली. त्याला आनंद झाला नव्हता, हेही खरं. त्याने त्रुकला काही सांगितलं, आणि त्रुक म्हणाला, "दोन भाऊ. एक मेला, एक हातात आहे. दुपारच्या हेलिकॉप्टरने ह्याला प्रांताच्या तुरुंगात पाठवायचं. पुढे बेटावरच्या कैदखान्यात."

बेटावर गेलेलं कोणी बाउ त्रामला परत आलं नव्हतं.

ह्यापुढे लुआने जे केलं त्याबद्दल तिला बोल लावायचा तर लावा. ज्याचं पोर हेलिकॉप्टरच्या दाराशी उभं नाही, त्याने लावावा. तिने हात उचलला आणि बाजाराकडे बोट दाखवलं.

"त्या लिंबवालीचा आहे तो! बोंगचा! विन्ह नाव त्याचं! तिला विचारा! तिचा आहे, माझा नाही!"

बोंगला आणलं. ती टोपली कमरेवर घेऊनच आली, एका हाताने लिंबांवरची माशी हाकलत, आणि ओसरीत येताच तिने बगळ्यासमोर दोन लिंबं धरली. "घ्या साहेब, उन्हाचं बरं असतं."

"हा तुझा मुलगा?" त्रुकने विचारलं.

बोंगने खाली बघितलं. नीट, वाकून बघितलं, बाजारात मासा बघतात तसं. मग सरळ झाली आणि हसली. खदखदून हसली, सकाळी नावेत हसली होती अगदी तसंच.

"हा? अहो दादा, माझा विन्ह ह्याच्या दुप्पट आहे. सायगावला ट्रक चालवतो. खाऊन खाऊन रेडा झालाय! ह्या काडीला माझा म्हणता?" आणि मग ती लुआकडे वळली. चेहरा मऊ केला. खांद्यावर हात ठेवला. तो हात बर्फ झाला होता. ते फक्त लुआला कळलं. "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. माझ्यावर ढकलतेय. ढकलू दे, मी नाही राग धरत. रड गं लुआताई, रड. पोटच्या पोरासाठी रडायला लाज कसली?"

बगळा बोंगच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तो काही म्हणाला, आणि त्रुकने ते भाषांतर केलं ते लुआसाठी की कोणासाठी, ठाऊक नाही. "साहेब म्हणतात, आई असती तर हसू शकली नसती. जगात कुठलीच आई नाही हसू शकत."

आता ह्या शहाण्याला काय सांगायचं? की घरात दोन मुली आहेत, सतरा नि चौदा वर्षांच्या? की इथल्या आयांना हसायला कोणी शिकवलं, ते तुम्हीच शिकवलंत, ह्याच धक्क्यावर मुडदे मांडून मांडून?

लुआला बोंगच्या नरडीला बोटं घालायची होती.

दुपारी हेलिकॉप्टर आलं. खियेम आत चढताना मागे वळून काही ओरडला, पण पंख्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. लुआने नंतर जन्मभर त्या ओठांच्या हालचालीतून शब्द शोधले. धुतलेल्या कपड्यांचं बोचकं तिने शिपायाच्या हातात कोंबलं, ते त्याने टाकलं की दिलं, तेही कळलं नाही.

मग त्रुकने एक कागद आणला. "मुडदा घेऊन जा. साहेबांनी खास परवानगी दिली, म्हातारी बाई म्हणून. नाहीतर तिघांना एकाच खड्ड्यात टाकतात. अंगठा दे."

अंगठा म्हणजे कबुली, हे तिलाही कळत होतं. तिने हात मागे घेतला. शिपायाने तो पुढे ओढला, शाईत बुडवला आणि दाबला. अंगठा तिने दिला नाही, तो घेतला गेला. मुडद्याचं नाव कागदावर बाओ लिहिलं. तिचं तापाने गेलेलं लेकरू आता बावीस वर्षांचं होऊन दुसऱ्यांदा मेलं.

परतीच्या नावेत पाच जणं होती. लुआ, थान्हकाका, चटईत गुंडाळलेला विन्ह, ठाण्याचा एक हवालदार आणि बोंग. हवालदाराला वही देऊन पाठवलं होतं, मातीला कोण कोण येतं आणि कोण किती रडतं ते टिपायला. आणि बोंग आली, कारण बाउ त्रामला जाणारी नाव एकच होती. ती आली नसती तर तेही हवालदाराने टिपलं असतं.

लुआ वल्ही मारत होती. मधोमध आल्यावर तिच्या मनात आलं की नाव उलटवावी. एक पाय दाबायचा, बस. हवालदाराला पोहता येत नसावं, काका तर बुडतीलच, आणि ही भवानी, ही लिंबवाली, हिचे केस धरून हिला स्वतः खाली न्यायचं. तिने पाय दाबलाही. नाव कलली.

तेव्हा तिला बोंगचा पाय दिसला. बोंग समोर बघत बसली होती, कालव्याच्या काठाकडे, तोंडात नवा विडा. पण चपलेतून पाय काढून तिने तो हळूच पुढे सरकवला होता, आणि चटईतून बाहेर आलेल्या त्या थंडगार पावलाला आपलं पाऊल लावून ठेवलं होतं. बोटांना बोटं. तेवढंच. हवालदार तिकडे विडी पेटवत होता.

लुआने पाय उचलला. नाव सरळ झाली.

माती त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आधी. बाउ त्राममध्ये एकही माणूस असा नव्हता ज्याला खड्ड्यात कोण चाललंय हे ठाऊक नव्हतं, आणि एकही नव्हता जो ते बोलला. माणसं आली, वाटीवाटीने तांदूळ घेऊन, रीतीप्रमाणे, आणि ते लुआच्या दारात ठेवले. सांत्वनाचे शब्द लुआला बोलले. बोंगने मुलींना घरात कोंडून ठेवलं होतं, पोरी लहान, त्यांना हसता येणार नाही म्हणून. ती स्वतः शेजारीण म्हणून आली. शेजारणीनेच आईला धरायचं असतं, तेव्हा ती लुआला धरून उभी राहिली. जमलेल्या सगळ्यांनी खाली बघितलं.

विन्हला लुआच्या नवऱ्याशेजारी ठेवलं. लुआची माती, लुआच्या घरचं नाव. हवालदार फणसाच्या सावलीत वही उघडून उभा होता.

लुआ रडत नव्हती. तिला रडूच येत नव्हतं. आत सगळं दगड झालं होतं. हवालदाराने एकदा तिच्याकडे बघितलं आणि वहीकडे बघितलं.

बोंगची पकड तिच्या दंडावर घट्ट झाली. नखं रुतली. मग कानाशी, ओठ न हलवता, विड्याच्या वासाचा आवाज आला.

"रड ना गं. मोठ्याने रड. माझ्याही वाटणीचं रड, लुआताई. तुझ्या पाया पडते."

लुआला तिला झिडकारायचं होतं. माझं पोर खाल्लंस आणि वर माझं रडूही मागतेस, असं तोंडावर थुंकायचं होतं. पण पहिलं मातीचं ढेकूळ चटईवर पडलं, तो आवाज तिच्या कानांत गेला आणि आतलं सगळं फुटलं. ती गुडघ्यांवर कोसळली, खड्ड्याच्या काठाशी, आणि तिने हाक मारली.

"खियेम! खियेम रे!"

माणसं शहारली. मातीपाशी जित्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर माती ते ऐकते आणि त्यालाही मागून घेते. हे डेल्टातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. थान्हकाका न राहवून पुढे झाले. "अगं, गप! त्याचं नाव घेऊ नकोस, लुआ, तो आहे अजून! बाओ म्हण! बाओ म्हण!"

"खियेम!" लुआने माती मुठीत धरली. "खियेम! खियेम रे माझ्या!"

बोंगही आता तिच्याशेजारी गुडघ्यांवर आली होती आणि तिचं तोंड हाताने बंद करू बघत होती. "नको गं, नको. एवढं नको. अगं, तुझा येईल, तुझा तरी येईल..."

लुआने तो हात बाजूला केला आणि ती हाका मारतच राहिली. हवालदाराने वहीत लिहिलं, आई रडली, आणि वही मिटली.